सेवेचे दप्तर

(वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘राष्ट्रसेवा’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली. या विषयावरील उपदेशपर व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली आहेत, त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा माझा मानस नाही. मी आज एका साध्या, व्यवहारी प्रश्नाकडे आपले लक्ष वेधणार आहे. मनुष्य निष्काम बुद्धीने सेवा करतो, त्या सेवेची नोंद कोण ठेवतो, ती कोठे राहते आणि ती नाहीशी झाली तर काय होते?

पैशाचा जमाखर्च लिहिला जातो, कारण हिशेब मागणारा कोणीतरी असतो. पगारी नोकराची हजेरी लागते, कारण महिनाअखेर त्याला पगार द्यावयाचा असतो. परंतु जो विनावेतन राबतो, आणि विशेषतः जो आयुष्याची नोकरी संपवून उतारवयात राबतो, त्याचा हिशेब मागण्याचे कारण कोणालाच पडत नाही. म्हणून सर्व प्रकारच्या श्रमांत हा श्रम सर्वांत लवकर विसरला जातो. या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. त्या देशाने गेल्या नव्वद वर्षांत स्वयंसेवेला सरकारी योजनांचे रूप दिले. योजना आली की कागद आला, कागद आला की दप्तर आले. ते दप्तर कसे वाढले, कसे विखुरले आणि त्यातून काय निसटले, हे पाहिले म्हणजे आपल्यालाही काही शिकता येईल.

प्रथम १९३३ सालाकडे वळू. महामंदीने अमेरिकेत लक्षावधी तरुण बेकार झाले होते. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सूत्रे हाती घेताच ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ नावाची योजना काढली. अविवाहित तरुणांनी रानावनांतील छावण्यांत राहावे, झाडे लावावीत, बांध घालावेत, रस्ते व उद्याने तयार करावीत आणि महिना ३० डॉलर घ्यावेत, असे तिचे स्वरूप होते. त्यांपैकी सुमारे २५ डॉलर परस्पर घरी पाठविले जात. १९४२ पर्यंत चाललेल्या या योजनेत २५ ते ३० लाख माणसे काम करून गेली. ही योजना तरुणांची म्हणून प्रसिद्ध असली तरी तिच्यात प्रौढांनाही जागा होती. कुऱ्हाड व करवत कशी धरावी हे शहरी पोरांना शिकविण्यासाठी त्या त्या भागातील जाणती माणसे ‘स्थानिक अनुभवी’ या नावाने भरती केली जात आणि पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांच्या वेगळ्या तुकड्याही होत्या.

या योजनेचे प्रशासकीय कागद वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ३५ क्रमांकाच्या विभागात लावून ठेवले आहेत आणि एकेका माणसाचे सेवापत्रक सेंट लुई शहरी आहे. आज एखाद्या नातवाने अर्ज केला, तर आपला आजोबा कोणत्या छावणीत होता, काय काम करीत होता आणि त्याच्या पगाराचा भाग घरी कोणाच्या नावे जात होता, हे त्या कागदांवरून कळू शकते. तो महिन्याचा भाग घरी पाठवावयाचा होता, म्हणून घरच्या माणसाचे नाव कागदावर आले. आपल्या विषयाचे मर्म येथेच दिसते. जेथे पैसा वाहतो तेथे नाव लिहिले जाते.

यानंतर मी आपणांस १९६४ सालात नेतो. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आर्थिक संधीचा कायदा झाला. त्या कायद्याने निर्माण झालेल्या कचेरीचे प्रमुख सार्जंट श्रायव्हर होते. १९६१ साली ‘पीस कोअर’ ही परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांची संस्था ज्यांनी उभी केली, तेच हे गृहस्थ. त्यांच्या नव्या कचेरीतून ‘व्हिस्टा’ ही देशांतर्गत स्वयंसेवकांची योजना निघाली आणि पाठोपाठ १९६५ साली ‘फॉस्टर ग्रँडपेरेंट’ म्हणजे मानलेल्या आजीआजोबांची योजना निघाली.

ही दुसरी योजना समजून घेण्याजोगी आहे. एकीकडे साठी उलटलेली, तुटपुंज्या उत्पन्नाची माणसे; त्यांना करावयास काम नाही आणि विचारणारे कोणी नाही. दुसरीकडे रुग्णालयांत, अनाथगृहांत आणि मतिमंद मुलांच्या संस्थांत पडून असलेली लेकरे. त्यांना औषधपाणी मिळते, पण मांडीवर घेणारे कोणी नाही. या दोन उणिवांची एकमेकींशी गाठ घालून देण्यात आली. आजी किंवा आजोबा दिवसाला ४ तास, आठवड्याचे ५ दिवस येत आणि बहुधा दोन मुलांकडे आपला वेळ वाटून देत. भरविणे, खेळविणे, बोलावयास शिकविणे, नुसते जवळ बसणे हेच त्यांचे काम. त्यांना अल्पसा भत्ता, जाण्यायेण्याचा खर्च आणि एक वेळचे जेवण मिळे. त्या भत्त्याला वेतन म्हणत नाहीत, आणि म्हणूही नये.

याच सुमारास न्यूयॉर्क शहराच्या स्टॅटन आयलंड या भागात एका समाजसेवी संस्थेने निवृत्तांना एकत्र करून असा प्रयोग केला की, भत्ताही न देता, केवळ येण्याजाण्याची सोय व थोडे मार्गदर्शन दिले, तर वृद्ध माणसे नियमाने सेवेला येतात की नाही. ती आली. त्या अनुभवावरून निवृत्त व ज्येष्ठ स्वयंसेवकांची राष्ट्रीय योजना १९६९ साली कायद्यात शिरली आणि १९७१ साली प्रत्यक्षात आली. ‘आरएसव्हीपी’ या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. पुढे १९७३ च्या कायद्याने ‘सीनियर कंपॅनियन’, म्हणजे धडधाकट वृद्धांनी अशक्त वृद्धांच्या घरी जाऊन सोबत करण्याची योजना आली. एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे दुसऱ्या म्हातारीने जावे, बाजार आणून द्यावा, दवाखान्यात बरोबर जावे, दोन घटका गप्पा माराव्यात, हे या योजनेचे सार.

आता दप्तराची गोष्ट. एक आजीबाई १९६६ साली अशा एखाद्या रुग्णालयात जाऊ लागल्या आणि पुढे अनेक वर्षे जात राहिल्या, अशी कल्पना करा. त्यांचे काम तेच आणि खुर्चीही तीच. कागदावर मात्र त्यांचे घराणे सारखे बदलत राहिले. प्रथम त्या दारिद्र्यनिवारणाच्या कचेरीकडे होत्या. १९६९ साली ती योजना आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याकडे गेली. १ जुलै १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी पीस कोअर, व्हिस्टा व ज्येष्ठांच्या योजना एकत्र करून ‘अ‍ॅक्शन’ नावाची नवी संस्था केली. १९८१ च्या कायद्याने पीस कोअर पुन्हा स्वतंत्र झाली. १९९३ साली अध्यक्ष क्लिंटन यांच्या सहीने नवा कायदा झाला, राष्ट्रीय व सामाजिक सेवेचे महामंडळ निर्माण झाले, ‘अमेरिकोअर’ हे नाव रूढ झाले आणि पुढच्या वर्षी ‘अ‍ॅक्शन’ त्यात विलीन झाली. ज्येष्ठांच्या योजनांना ‘सीनियर कोअर’ म्हणू लागले. २०२० साली तेही नाव बदलून ‘अमेरिकोअर सीनियर्स’ झाले.

प्रत्येक नामांतराबरोबर कपाटे हलतात. कपाट हलले की काही कागद पुढच्या घरी जातात, काही मागे राहतात, काही वाटेत पडतात. आज राष्ट्रीय दप्तरखान्यात दारिद्र्यनिवारण कचेरीचे कागद ३८१ क्रमांकाच्या विभागात, ‘अ‍ॅक्शन’ व तत्सम संस्थांचे ३६२ क्रमांकात आणि पीस कोअरचे ४९० क्रमांकात आहेत. आपल्या कल्पनेतील आजीबाईंच्या एकाच अखंड सेवेचा माग काढणाऱ्याला एकाहून अधिक खोल्यांची दारे ठोठवावी लागतील. २०२५ च्या एप्रिल महिन्यात तर या संस्थेच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले आणि सुमारे ४० कोटी डॉलरांची अनुदाने एकाएकी थांबविण्यात आली. पुढे काही राज्ये न्यायालयात गेली व दाद मागणाऱ्या राज्यांतील अनुदाने पूर्ववत करण्याचा हुकूम झाला. राजकीय वादात मला शिरावयाचे नाही. मुद्दा एवढाच की, सेवेची नोंद ज्या कचेरीच्या हाती आहे, ती कचेरी स्वतः कायमची असतेच असे नाही.

येथे कोणी म्हणेल की, एवढा मोठा दप्तरखाना आहे, तेव्हा सर्व काही जपले जात असेलच. तसे होत नाही आणि होणे शक्यही नाही. अमेरिकेच्या संघ-सरकारच्या कचेऱ्यांतून जे कागद निर्माण होतात, त्यांपैकी कायम जतनास पात्र ठरतात ते शेकडा १ ते ३ एवढेच, असे तो दप्तरखानाच सांगतो. उरलेल्यांना ठरावीक मुदत असते आणि मुदत सरली की ते नष्ट केले जातात. सामान्यतः धोरणाचे कागद, वरिष्ठांचा पत्रव्यवहार, पाहणीचे अहवाल व छायाचित्रे टिकतात. हजेरीपट, प्रवासखर्चाची बिले आणि भत्त्याच्या पावत्या जातात. व्यवस्थेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा होतो की, योजना कोणी आखली हे इतिहासाला ठाऊक राहते आणि बाळाला रोज चार घास कोणी भरविले हे ठाऊक राहत नाही.

जे जपले तेही सुरक्षित असतेच असे नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईजवळील सैनिकी सेवापत्रकांच्या इमारतीला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापत्रके भस्मसात झाली. १९१२ ते १९६० या काळात सेवामुक्त झालेल्या भूसैनिकांची शेकडा ८० पत्रके त्यात गेली. त्या कागदांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूक्ष्मचित्रेही घेतलेली नव्हती. ज्या माणसाने युद्धात गोळी खाल्ली, त्याने आपण सैन्यात होतो हे सिद्ध कसे करावे, असा प्रश्न उभा राहिला. कारण जखमेचे निवृत्तिवेतन, औषधोपचार, मरणोत्तर सन्मान हे सर्व त्या पत्रकावर अवलंबून होते.

मग मार्ग कसा निघाला? दप्तरखान्याने अर्धवट जळालेले व भिजलेले कागद वाळवून वाचविले. पगाराच्या व रुग्णालयांच्या वेगळ्या नोंदींवरून सेवापत्रके पुन्हा जुळविण्याचे काम सुरू झाले आणि ते कित्येक वर्षे चालू राहिले. पण पुष्कळांच्या बाबतीत खरा आधार मिळाला तो घरातून. कोणाच्या पत्नीने सेवामुक्तीचा दाखला पेटीत जपून ठेवला होता, कोणी परतताच आपल्या जिल्ह्याच्या कचेरीत त्याची नोंद करून ठेवली होती. सरकारचे दप्तर जळाले तेव्हा घरची पेटी उपयोगी पडली, ही गोष्ट आपण मनात धरून ठेवावी.

मंडळी, या विषयाचा आपल्या महाराष्ट्राशी एक सरळ संबंध आहे. पीस कोअरचे स्वयंसेवक १९६१ ते १९७६ या काळात भारतात येत होते. त्यांची एकूण संख्या चार हजारांहून अधिक होती. या संस्थेत वयाची वरची मर्यादा नाही. १९६६ साली जॉर्जिया राज्यातील प्लेन्स नावाच्या लहानशा गावातील एका विधवा बाईंनी तीत नाव घातले. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा, म्हणजे त्या वेळी त्यांनी अडुसष्टावे वर्ष गाठले होते. पेशाने त्या परिचारिका होत्या. त्यांना मुंबईनजीक विक्रोळी येथे, गोदरेज कारखान्याच्या वसाहतीत काम मिळाले. प्रथम कुटुंबनियोजनाचे आणि मग दवाखान्यातील रोग्यांच्या शुश्रूषेचे काम करीत त्या सुमारे २१ महिने तेथे राहिल्या आणि १९६८ साली, सत्तरी गाठून, परत गेल्या. त्यांचे नाव लिलियन कार्टर. पुढे १९७७ साली त्यांचे पुत्र जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले.

त्यांच्या विक्रोळीतील दिवसांविषयी आपल्याला जे तपशिलाने ठाऊक आहे, ते कशामुळे? सरकारी पत्रकावर नाव, मुक्काम, कामाचा प्रकार, आल्यागेल्याची तारीख एवढेच मावते. बाकीचे ठाऊक झाले ते त्यांच्या पत्रांमुळे. त्या घरी मुलांना पत्रे लिहीत आणि घरच्यांनी ती फेकून दिली नाहीत. १९७७ साली कन्या ग्लोरिया यांच्या सहकार्याने ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. परमुलुखात वाटलेले एकटेपण, रोग्याला स्पर्श करताना प्रथम आलेला संकोच, तो मागे पडल्यावर त्याच रोग्यांविषयी उत्पन्न झालेली माया, हे कोणत्या सरकारी नमुन्याच्या रकान्यात भरावयाचे? पीस कोअरने पुढे १९८६ साली त्यांच्या नावाने ज्येष्ठ स्वयंसेवकांसाठी पुरस्कार ठेवला. त्या अध्यक्षांच्या मातोश्री होत्या म्हणून पत्रे छापली गेली, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु पत्रे जपली गेली तेव्हा त्या कोणाच्याही मातोश्री म्हणून प्रसिद्ध नव्हत्या. १९६८ साली ती एका घरातील साधी टपाली पत्रे होती.

अमेरिकेतील जाणत्या मंडळींनी यातून बोध घेतला आहे. परतलेल्या स्वयंसेवकांच्या तोंडून त्यांची हकीकत ऐकून ती ध्वनिमुद्रित करण्याचे काम तेथे चालते आणि त्यांपैकी पुष्कळ मुलाखती बोस्टनच्या केनेडी ग्रंथालयात आहेत. वॉशिंग्टनच्या अमेरिकन युनिव्हर्सिटीने पीस कोअरच्या माजी स्वयंसेवकांची पत्रे, रोजनिशा व छायाचित्रे स्वीकारून त्यांचा स्वतंत्र संग्रह केला आहे. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी हेच केले. ते जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर चढले आणि रुमालांत बांधलेले कागद खाली उतरवून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने उभी केली. सरकारी दप्तर आणि घरचे दप्तर ही दोन्ही एकमेकांना पूरक आहेत. पहिल्यात तारीख पक्की मिळते, दुसऱ्यात माणूस भेटतो.

नोंदीचे आणखी एक फळ सांगतो. व्हिस्टा किंवा पीस कोअरमध्ये काढलेला काळ, पुढे संघ-सरकारच्या नोकरीत शिरलेल्या माणसाला, ठरलेली रक्कम भरून, निवृत्तिवेतनासाठी धरून घेता येतो. मात्र त्याने तो काळ कागदाने सिद्ध केला पाहिजे. २००९ च्या कायद्याने तर एक हृद्य तरतूद केली. अमेरिकोअरच्या काही योजनांत, सेवेच्या आरंभी ज्याचे वय ५५ किंवा त्याहून अधिक असेल, त्याला सेवेबद्दल मिळणारे शिक्षणसाहाय्य आपल्या मुलाच्या अथवा नातवंडाच्या नावे करून देता येते. आजीने शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना वाचावयास शिकवावे आणि तिच्या तासांच्या नोंदीवर तिच्या नातीचे महाविद्यालयातील शुल्क काही अंशी भागावे! तासांची वही नीट ठेवली नाही, तर ती नात या साहाय्याला मुकेल. नोंद ठेवणे म्हणजे आत्मश्लाघा नव्हे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

आपल्याकडील सात्त्विक माणसांना याच ठिकाणी संकोच वाटतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, ही आपली शिकवण आहे आणि ती देणाऱ्यापुरती योग्य आहे. स्वतःच्या दानाचा डंका स्वतः वाजवू नये. परंतु ज्यांनी पाहिले त्यांनीही गप्प बसावे, असे कोणत्याही शास्त्राने सांगितलेले नाही. सेवा करणाऱ्याने विसरावे; भोवतालच्यांनी विसरू नये. पन्नास वर्षांनी कोणी विचारील की, साथीच्या दिवसांत या वस्तीत कोण फिरत होते, रात्रीची शाळा कोणी चालविली, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांना डबा कोण पोहोचवीत होते. तेव्हा उत्तर देण्यास कागद नसेल, तर जो अधिक मोठ्याने बोलेल त्याचेच नाव लागेल.

म्हणून समाप्तीपूर्वी तीन लहान सूचना करतो. त्यांना खर्च येत नाही. पहिली, घरातील ज्या वडीलधाऱ्यांनी कोठेही सेवा केली असेल, त्यांच्याजवळ बसून ठिकाण, वर्षे आणि बरोबरच्या माणसांची नावे आजच लिहून घ्यावीत; हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये, कारण हा दप्तरखाना रोज थोडा थोडा रिता होत असतो. दुसरी, जुन्या छायाचित्रांच्या पाठीमागे पेन्सिलीने तारीख व नावे घालावीत. नावावाचून छायाचित्र दोन पिढ्यांत परके होते. तिसरी, महत्त्वाच्या दाखल्याची एक प्रत घरी आणि एक घराबाहेर, दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी असावी. सेंट लुईच्या आगीने लक्षावधी कुटुंबांना शिकविलेला हा धडा आपल्याला फुकट मिळत आहे.

विक्रोळीच्या दवाखान्यात राबून गेलेल्या त्या परदेशी आजीबाईंची आठवण राहिली, कारण हजारो मैलांवरच्या एका घरात कोणीतरी तिची पाकिटे जपली. आपल्या घरांतही अशा आजी आणि असे आजोबा होऊन गेले आहेत, आणि काही ईश्वरकृपेने आज समोरच्या रांगेत बसले आहेत. त्यांच्या सेवेचे दप्तर उघडण्याचा मान त्यांच्या मुलानातवांनी घ्यावा, एवढीच प्रार्थना.